नकाराचा पुरावा

"आजवर किती कॉलेजांना दर्जा नाकारलात?" सरकारी समितीच्या बाईंनी विचारलं.

आमची संस्था कॉलेजं तपासून दर्जा देते. आता तिलाच सरकारची मान्यता हवी होती. नऊ वर्षांत आम्ही कुणालाच नाकारलं नव्हतं. शाल-श्रीफळ घेऊन, बासुंदी ओरपून झाल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

मी कपाटातून आमच्या तपासनीस सुलभा निमकरांचा जुना अहवाल काढला. प्रयोगशाळेतला एकेक नळ स्वतः सोडून पाहून त्यांनी लिहिलं होतं, "एकालाही पाणी नाही. दर्जा देऊ नये." तरी मी त्या कॉलेजला 'उत्तम' दर्जा दिला होता आणि निमकरांना पुन्हा कुठल्याच तपासणीला पाठवलं नव्हतं. 'उत्तम'चं पान काढून घेऊन उरलेला अहवाल मी बाईंपुढे ठेवला.

"याला म्हणतात तपासणी!" बाई खूश झाल्या. "लावा त्यांना फोन, स्पीकरवर. मला शाबासकी द्यायचीय."

निमकरांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सर, चार वर्षांनी आठवण झाली! कुठल्या कॉलेजला जायचंय? मी आत्ता निघते."