भंडाऱ्याचा रुमाल

"अक्का, पंचानं पिवळा रुमाल टाकला की समजायचं, कुणीतरी नियम मोडलाय," भावानं सिंधूबाईंना बजावलं. अमेरिकन फुटबॉलची त्यांची ही पहिलीच मॅच. भाचा केदारनं मघाशी बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडून केलेला टचडाउन अशाच रुमालापायी रद्द झाला होता; त्याच्या साथीदारानं म्हणे समोरच्याचा शर्ट धरला होता.

शेवटची सहा सेकंदं. बॉल केदारकडे आला. एकाला हुलकावणी, दुसऱ्याला खांदा, आणि गडी थेट रेषेपार! पहिल्या रांगेतल्या सिंधूबाईंना राहवलं नाही. जेजुरीहून रुमालात बांधून आणलेला भंडारा त्यांनी उधळला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडाऱ्याबरोबर रुमालही उडाला.

मैदानात पिवळा रुमाल! केदार मटकन खालीच बसला.

पंच एकमेकांकडे बघू लागले, कारण रुमाल कुणीच टाकला नव्हता. मुख्य पंचानं तो उचलून झटकला आणि सटासट शिंकला. सिंधूबाईंनी जीभ चावत आपला पिवळा हात वर केला. "माझा हाय तो!"

पंच खो खो हसला. मग त्यानं दोन्ही हात आभाळाकडे उंचावले. टचडाउन! त्याचेही तळवे हळदीनं पिवळेजर्द झाले होते.