गाडी निवेपर्यंत

रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी ते नवं निळं द्रावण पडायला लागल्यापासून घाटात एकही गाडी तापत नव्हती. त्यामुळे भामामावशीच्या चहाच्या टपरीपाशी कुणी थांबतही नव्हतं. दस्तगीरने मात्र आजही वळणावर ट्रक बाजूला घेतला आणि बॉनेट उघडलं. मावशी सवयीने पाण्याची बादली घेऊन आली.

"तापली का रे?"

"तापली, मावशी. अर्धा तास तरी थांबावं लागेल," दस्तगीर नजर चुकवत म्हणाला.

मावशीने बॉनेटखाली वाकून पाहिलं. ना वाफ होती, ना पाणी उकळल्याचा आवाज. ती पदराला हात पुसत म्हणाली, "अर्ध्या तासात कसली निवतेय ही? जेवूनच जा आता."