दुसरा कागद

"दुसरा कागद कुठाय?" मंत्र्यांच्या खासगी सचिवांनी प्रिंटरचा ट्रे ओढून बघितला.

"लिहिलाच नाही," बाई म्हणाल्या.

बाईंचा धंदाच तो. आधी सरकारी माहिती खात्यात आणि मग स्वतःची सल्लागार संस्था काढून त्यांनी जन्मभर मंत्र्यांची निवेदनं लिहिली. पुढे काय घडेल ठाऊक नसलं की निवेदनं दोन लिहून ठेवायची, एक गोड आणि एक कडू, हा या धंद्यातला रिवाज. बोगद्यात पाणी घुसून सात मजूर अडकले होते. पहिल्या कागदावर होतं, शोध सुरू राहील. दुसऱ्यावर हवं होतं, शोध थांबवत आहोत, मृतांना श्रद्धांजली.

"अहो, चेष्टा करताय का? साहेब निघालेत. आज विषय संपवायचा, असं सकाळीच ठरलंय. रोज टीव्हीवर तोच बोगदा, तेच पंप. तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"इंजिनिअर म्हणतोय, पाणी उतरतंय, दोन दिवस द्या."

"त्याला काय जातंय म्हणायला!"

"आणि मला काय जातंय? तुमचं कंत्राट? घ्या परत. दाराबाहेर बाकावर त्या मजुरांच्या बायका बसल्यात. त्यांच्या देखत मी जित्या माणसांना श्रद्धांजली वाहणार नाही. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही वाहा."

सचिव तणतणत स्वतःच संगणकापुढे बसले. 'अत्यंत जड अंतःकरणाने' एवढं उमटलं आणि गाडी अडली. बिचाऱ्यांनी नोकरीभर दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल रेघा मारल्या होत्या. स्वतः लिहायची वेळ कधी आलीच नव्हती.

तेवढ्यात साहेब आले. "आणा," म्हणाले. बाईंनी होता तो कागद दिला.

"साहेब, एकच आहे. एकदा वाचून घ्या."

"तुमचं लिहिलेलं काय वाचायचं!" साहेबांनी कागदाची घडी केली. सचिव "साहेब, साहेब" करत मागे धावले, पण दार उघडलं होतं आणि पत्रकारांनी एकच गलका केला.

कागदाशिवाय साहेबांना स्वतःचं खातंही धड सांगता येत नसे. कागद हातात असला की मात्र समोर येईल ते ठणठणीत वाचत. आजही वाचलं. "शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत पंप थांबणार नाहीत!" वाचून झाल्यावर ते स्वतःच दचकले. पण वाचायचं ते वाचून झालं होतं.

"उद्यापासून येऊ नका," सचिव दातओठ खात बाईंच्या कानाशी कुजबुजले.

"येतंय कोण!"

बाईंचा फोन वाजला. पलीकडे इंजिनिअर. "बाई, पंप बंद करा म्हणून मघाशी वरून निरोप आलाय. टीव्हीवर साहेब भलतंच बोलतायत. नक्की करू काय?"

बाईंनी फोन सचिवांपुढे धरला. "घ्या. निरोप तुमचा, तुम्हीच सांगा."

सचिव फोनमध्ये काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला की," बाई चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तिकडे पंपांचा आवाज आहे. त्याला ऐकू जात नाहीये."

सगळे कॅमेरे वळले. बाकावरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चालू ठेवा!" सचिव ओरडले.