काकीनाड्याला कोण उतरणार

"अन् काकीनाड्याले कोन कोन उतरते?" वच्छलानं विचारलं.

प्रफुलनं कागदावरची नजर वर केली नाही. सपरीत, घरापुढच्या पडवीत, चटईवर त्यानं मोबाइल, पेन आणि जहाज कंपनीचा रंगीत कागद मांडला होता. चेन्नईहून चढायचं, चार दिवस समुद्रावर राहायचं, वाटेत तीन बंदरं. घरातलं कोणीच आजवर जहाजात बसलं नव्हतं. कुठल्या बंदरावर उतरून काय पाहायचं, हे ठरवायला तो आणि रिंकू चंद्रपूरहून मुद्दाम गावी आले होते. त्यांची आठ महिन्यांची पोर वच्छलाच्या मांडीवर होती. सकाळपासून तिथंच होती.

"मी, रिंकू अन् बाबा," प्रफुल म्हणाला.

"पाँडिचेरीले?"

"तिथी ऊन लय राह्यते आई. छोटीले बाहेर नाई काढता येत."

"मंग विशाखापट्टणमले?"

"तिथी पाणबुडी पाहाची हाये," रिंकू म्हणाली. "आत लोखंडी पायऱ्या हायेत, आई. तुमचे गुडघे..."

वच्छलानं आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. डोक्यावर मासळीचं टोपलं घेऊन हे गुडघे जाऊन-येऊन पाच कोस बाजार करत आले होते. तेव्हा त्यांची चौकशी कोणी केली नव्हती.

पाँडिचेरी गेली तर गेली. पाणबुडीशीही तिचं काही अडलं नव्हतं. पण काकीनाडा त्या कागदावर आलं होतं ते तिच्यामुळं. मागच्या सप्त्यात बुवांनी कीर्तनात आपली वैनगंगा पार शेवटापर्यंत नेली होती. वैनगंगेची प्राणहिता झाली, प्राणहिता गोदामायला भेटली, आणि गोदामाय तिकडं आंध्रात समुद्राच्या घरी गेली. मग चिपळ्या थांबवून बुवा म्हणाले होते, "नदीची ओटी माहेरी सगळेच भरता, माय हो. तिच्या सासरी कोण गेलंय कधी?" मांडवातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. वच्छलानं लावला नाही. घरी येऊन तिनं पेटीत एक हिरवा खण बाजूला काढून ठेवला. जहाजाची गोष्ट निघाली तेव्हा तिनं एवढंच मागितलं होतं, की गोदेचं मुख दिसेल अशा ठिकाणी एकदा उतरवा.

"काकीनाड्याहून गाडीनं जावाचं," प्रफुल सांगू लागला, "अन् मुखापाशी छोट्या बोटीनं. त्या बोटीत वर्षाच्या आतलं लेकरू घेतच नाईत. कोनाले तरी जहाजावर थांबा लागन. तू आरामशीर बस. समुद्र पाह्य. खानंपिनं सारं हातात आनून देतेत."

"अन् ओटी?"

"द्या ना माझ्याजवळ," रिंकू अगदी मनापासून म्हणाली. "मी भरीन. व्हिडिओ कॉल लावून दाखवीन तुमाले."

वच्छलानं नवऱ्याकडं पाहिलं. इस्तारी उंबरठ्याशी बसून फाटलेलं जाळं विणत होता. संध्याकाळी टाकायचं होतं.

"तुमी काई बोलान का नाई?"

"पोरगं बरोबर म्हनून राह्यलं," इस्तारी जाळ्याकडं बघतच म्हणाला. "लेकराजवळ बाईमानूसच पायजे."

"हाव," वच्छला म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच प्रफुलनं पेन खाली ठेवलं. "चाळीस वर्सं मी काठावर बसली. बाई डोंग्यात चढली का त्या दिसी जाळं टाकाचं नाई, हा तुमच्या घरचा नेम. तुमी पान्यात, अन् मी काठावर टोपलं घेऊन. आता जल्मात पयल्यांदा नावेत बसवून राह्यले, तं म्हनता काठावर उतरू नको."

"आई, तसं नाई..."

"मंग कसं हाये?"

रिंकूनं रंगीत कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

वच्छला उठली. पोर तिनं इस्तारीच्या मांडीवर, जाळ्यावरच ठेवली. पेटीतून ओटीचं गाठोडं काढलं, कमरेला खोचलं आणि मागच्या दारानं उतरून सरळ नदीवर गेली. डोंगा खुंटाला बांधलेला होता. तिनं दोर सोडला, लुगडं गुडघ्यावर ओढलं आणि आत पाय ठेवला.

धुणं धुणाऱ्या दोघीजणींचे हात थांबले.

इस्तारी पोरीला छातीशी धरून धावत आला. जाळ्याचं एक टोक पायात अडकून मागून फरफटत होतं.

"वच्छले, उतर खाली. आज जाळं टाकाचं हाये."

"नका टाकू."

बांबू चिखलात रोवून तिनं जोर लावला. कधी लावला नव्हता, त्यामुळं डोंगा आधी गरकन फिरला, तिरपा झाला, मग हळूच काठापासून सुटला.

"आई, ओटी इथीच भरतं का?" प्रफुल वरून ओरडला. त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"इथी कायले? इथी तं सारेच भरतेत." तिनं कमरेचं गाठोडं चाचपलं आणि आणखी घट्ट खोचलं.

पोर रडू लागली. इस्तारीनं तिला या खांद्यावर घेतलं, त्या खांद्यावर घेतलं. ती काही राहीना. त्यानं पाण्याकडं पाहिलं. मधे आता दहा हात पाणी होतं.

"आरामशीर बसा," वच्छला डोंग्यातून म्हणाली. "नदी पाहा."