जेवला का?

न्हावऱ्याचा रविराज रोज शिरूरच्या सायबर कॅफेत बसून चॅटवर एका अनोळखी माणसाला शिव्या घालायचा. समोरून दरवेळी एकच उत्तर यायचं, "जेवला का?"

सहा महिन्यांनी रविराजला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं लिहिलं, "चुकलो, माफ करा. तुम्ही जेवला का?"

"न्हाई. आजवर कुणी विचारलंच न्हाई. आता बसतो."

दुपारच्या एसटीनं रविराज घरी पोचला. आई उष्टं ताट उचलत होती.

"लगेच परत भूक लागली व्हय रं?" ती हसली. "पर आज जेवताना किती गोड बोललास! एरवी नुसता अंगावर येतोस."

मागच्या मोरीत कुणीतरी चूळ भरत होतं.