नाचणारं झाकण

पोटावर गार चिकट मलम पडलं तसा आर्वो शिवी हासडून अर्धा उठला.

"गप पड," खुर्चीवरून लेम्पी म्हणाली. "नवऱ्याच्या मातीला वेलदोड्याचा पाव भाजून अजून हात दुखतायत. तुझ्या मातीला भाजणार नाही, सांगून ठेवते."

रेइनोला, आर्वोच्या थोरल्या भावाला, पुरून आठवडा झाला नव्हता. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली. सौनातून, त्या वाफेच्या खोलीतून, बाहेर आला तो आडवाच. हा रोग भावाभावांत असतो, असं इस्पितळानं बजावलं, म्हणून भावजयीनं धाकट्याला मानगूट धरून आणलं होतं.

डॉक्टरीणबाई यंत्र फिरवत होत्या. पडद्यावर काळं वर्तुळ धडधडत होतं.

"तुमचीही फुगलीय. सव्वाचार सेंटिमीटर. एवढ्यात ऑपरेशन नको. दर वर्षी येऊन मोजून घ्यायचं आणि सिगारेट आजपासून बंद."

"पण माझं पोट कुठं उडतंय?"

"एवढ्या चरबीखालून काय दिसणार! भाऊ असाच होता?"

"छे. काटकुळा."

"मग पोटातला ठोका हाताला सहज लागला असता. कधी काही बोलला नाही?"

आर्वो छताकडे बघत राहिला. शनिवारी सौना झाला की ओसरीतल्या बाकावर रेइनो उघडाबंब उताणा पडायचा. बेंबीवर बिअरच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण ठेवायचा. झाकण टुणटुण उडायचं. "बघा रे, काळीज खाली घसरलंय माझं!" पाहुणे पैजा लावायचे. मरण नाचत होतं आणि ही गाढवं हसत होती. त्या शेवटच्या शनिवारी म्हणाला, पाठ फार दुखतेय. आर्वोनं तापल्या दगडांवर आणखी एक डावभर पाणी ओतलं. सौनानं जात नाही ते दुखणं कसलं?

"बोलला नाही," आर्वो म्हणाला. "दाखवायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो."

बाईंचा हात थांबला. त्यांनी लेम्पीकडे पाहिलं.

लेम्पी मांडीवरच्या पर्सची कडी उघडत होती, लावत होती.

"वाकलेलं झाकण नीट नाचत नाही म्हणायचा," ती म्हणाली. "मी बाटली जपून उघडायचे."