मामा कुठल्या गटातला जीव

या, बसा असे. एका माणसाला भर जेवणात गोचीड ठरवलं, त्याची गोष्ट सांगतो.

भाची जेवता जेवता जीवशास्त्राचा धडा घोकत होती. "परजीवी म्हणजे जो दुसऱ्या जिवावर राहतो, त्याचंच खातो आणि वर त्यालाच त्रास देतो. उदाहरणार्थ गोचीड, जंत."

"आणि मामा," दाजी म्हणाले.

मामाचा घास हातातच राहिला. ताईकडे चार दिवस म्हणून आला होता, तेव्हापासून भाचीच्या दोन इयत्ता झाल्या होत्या. पण शब्द झोंबला. ताट टाकून त्याने बॅग भरली. कोणी अडवेल म्हणून सावकाश भरली. कोणी अडवलं नाही. मग दाराबाहेर बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. जाणार कुठे? दुसरी बहीण नव्हती.

आत जेवणं पुढे सुरू झाली. दाजी कुलपं दुरुस्त करायचे, विनोदही कुलपांचेच करायचे. त्यांनी एक काढला.

"एक गिऱ्हाईक म्हणालं, किल्ली हरवू नये म्हणून जपून ठेवलीय. मी विचारलं, कुठे? तर म्हणे, घरात."

चमच्यांचा आवाज तेवढा आला.

"घरात," दाजी पुन्हा म्हणाले. "म्हणजे बाहेरून कुलूप लावून."

"कळलं हो," ताई म्हणाली. "लग्नाआधीपासून कळलंय."

बाहेर मामाने ओठ आवळले. पोट गच्च धरलं. हा विनोद त्याला दर वेळी नव्याने कळायचा. राहवलं नाही. आधी फिस्सकन, मग जिन्यात लोळून हसला.

दार उघडलं. दाजींचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"आत ये. भाजी गार होतेय."

"गोचिडाला गरम काय नि गार काय," मामा फुरंगटून म्हणाला.

"बाबा, उदाहरण चुकलं तुमचं," भाची आतून म्हणाली. "मामा सहजीवी आहे. दोन जीव एकत्र राहतात, फायदा दोघांचाही. दगडफुलात असतात ना, शैवाल आणि बुरशी. एक अन्न बनवतं, दुसरी त्याला सांभाळते."

मामा बूट काढता काढता थांबला. "यातली बुरशी कोण?"

"जेव आधी," म्हणत दाजींनी त्याची बॅग उचलली आणि पुढच्या विनोदाला घसा खाकरला.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कुठे नोकरी निघाली, तर मामाच्या कानावर घालू नका. दाजींनी हात जोडून सांगितलंय.